बीटवरचा दिवस

सकाळी साडेसात

हजेरीला उभं राहिलं की रात्रीचा ठाणे अंमलदार रात्रभराचा हिशेब वाचतो. दोन दुचाकी चोरीला, एक मोबाइल हिसकावला, दारू पिऊन भांडण (त्याची अदखलपात्र नोंद) आणि पहाटे तीनच्या सुमारास टेकडीच्या उतारावरच्या वस्तीत चार रिक्षांच्या काचा फोडल्या. शेवटचं प्रकरण माझ्या बीटमधलं.

पुण्यात गेली काही वर्षं वाहनांची तोडफोड हा गुन्ह्याचा वेगळाच प्रकार होऊन बसला आहे. त्यात चोरायचं काही नसतं. पाच-सहा पोरं, दोन दुचाक्या, हातात कोयते. दिसेल त्या रिक्षाची, टेम्पोची काच फोडत गल्लीतून जायचं, म्हणजे गल्लीला कळावं की इथला भाई कोण. मार बसतो तो हप्त्यावर रिक्षा घेतलेल्या माणसाला. २०२२-२३ च्या सुमाराला ‘कोयता गँग’ हे नाव रोज वर्तमानपत्रात यायला लागलं तेव्हा वरून बरेच उपाय सुरू झाले. टोळीवर १९९९ चा मोक्का, वारंवार गुन्हे करणाऱ्यावर १९८१ च्या एमपीडीए कायद्याखाली स्थानबद्धता, इतरांना तडीपारी, रात्रीची नाकाबंदी, कोयते विकणाऱ्या दुकानदारांना गिऱ्हाइकाचं आधार कार्ड पाहून नोंद ठेवायची सूचना. हे सगळं हवंच. पण यातला एकही उपाय आयुक्तालयात बसून पुरा होत नाही. प्रस्ताव, जबाब, नोंद, पत्त्याची खातरजमा, सगळं खाली बीटवर येतं.

मी सहायक फौजदार आहे. एक चौकी, दोन अंमलदार आणि माझं बीट. शिवाय आमच्या ठाण्याची बाल कल्याण पोलीस अधिकारीही मीच. बाल न्याय कायद्यानं प्रत्येक ठाण्यात असा एक अधिकारी ठेवायला सांगितलं आहे, आणि तो निदान सहायक फौजदार हुद्द्याचा असावा अशी अट आहे.

सकाळी नऊ

चौकीत फोडलेल्या रिक्षांपैकी एकाच रिक्षाचा मालक आला आहे. बाकीचे तिघं आलेच नाहीत. हाही उभाच. बसायला सांगितलं तरी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून बोलतो.

“ताई, तक्रार नको. काच मी बसवून घेतो. तुम्ही फक्त त्यांना दम द्या.”

“दम देऊन किती दिवस पुरेल, भाऊ?”

“नाव दिलं तर उद्या रिक्षाच जाळतील.”

त्याची भीती खरी आहे, तिला हसण्यावारी नेता येत नाही. पण दिवसभरातलं सगळ्यात महत्त्वाचं काम मी या खुर्चीसमोर करते, असं मला मनापासून वाटतं. तक्रार नसेल तर कागदावर गुन्हा घडलेलाच नाही. कागदावर गुन्हा नाही, तर उद्या त्याच पोराच्या तडीपारीचा प्रस्ताव करताना माझ्याकडे दाखवायला काही नाही. साहेब विचारणार, “याच्यावर दाखल काय आहे?” आणि मी सांगणार, “साहेब, सगळ्या वस्तीला माहीत आहे.” वस्तीला माहीत असणं हा पुरावा होत नाही.

मी त्याला समजावते. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ५६ मध्ये १९५१ सालीच हे गृहीत धरलेलं आहे की काही गुंडांविरुद्ध लोक उघडपणे साक्ष द्यायला धजणार नाहीत. म्हणून अशा कारवाईत गोपनीय जबाब घेता येतो, त्यात जबाब देणाऱ्याचं नाव समोरच्याला कळत नाही. पण फिर्याद मात्र कुणीतरी उघड द्यावी लागते. चौघांनी मिळून दिली तर एकट्यावर येत नाही.

तो बाहेर जाऊन फोन करतो. अर्ध्या तासात बाकीच्यांपैकी दोघं येतात. गुन्हा दाखल होतो. फुटलेल्या काचांचा पंचनामा आता मोबाइलवर चित्रीकरण करत करावा लागतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली, तेव्हापासून झडती आणि जप्तीचं चित्रीकरण बंधनकारक आहे. सुरुवातीला हे काम वाढल्यासारखं वाटत होतं. आता वाटत नाही. पंच फिरला तरी चित्रीकरण फिरत नाही.

दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की तो दाखल करायलाच हवा, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१३ साली ललिता कुमारी प्रकरणात स्पष्ट सांगितलं. तरी ‘अर्ज देऊन जा, बघू’ म्हणून माणसाला वाटेला लावायची सवय खात्यातून पुरती गेलेली नाही. दाखल गुन्ह्यांचा आकडा वाढला की बैठकीत विचारणा होते, त्याची ही धास्ती. माझं मत उलट आहे. ज्या बीटमध्ये तक्रारी वाढल्या तिथे लोकांचा भरवसा वाढला असं आधी समजावं, आणि मग गुन्हा वाढला का ते तपासावं.

साडेदहा

गणवेश बदलून साध्या कपड्यांत वस्तीत. मुलांशी बोलायला जाताना शक्यतो गणवेशात जायचं नाही, असा नियमच आहे. आणि त्या नियमामागे शहाणपण आहे. पोलीस दारात आला की शेजारी खिडकीत येतात, आणि पोराच्या कपाळावर शिक्का बसतो.

वर चढत जाणारी अरुंद गल्ली, दोन्ही बाजूंना निळे ड्रम, एका दारात कपडे वाळत, दुसऱ्या दारात मावशी कोथिंबीर निवडत बसलेली. “आज कुणाकडे?” ती विचारते. “तुमच्याकडेच,” मी सांगते आणि खरंच दोन मिनिटं बसते. रात्री तीन वाजता कोण कुठून पळालं हे मावशीला माझ्या आधी कळलेलं असतं. पण ती पहिल्या भेटीत सांगत नाही, दुसऱ्यातही नाही. बीटवर एकच माणूस टिकला तरच ती कधीतरी सांगते.

मला भेटायचंय ते सतरा वर्षांच्या एका पोराला. गेल्या वर्षी अशाच तोडफोडीत सापडला होता. कायद्याच्या भाषेत विधिसंघर्षग्रस्त बालक. येरवड्याच्या बाल न्याय मंडळापुढे उभा राहिला, निरीक्षणगृहात राहिला, आता गॅरेजमध्ये काम करतो. रात्रीच्या टोळक्यात तो होता का, हे मला पाहायचं आहे.

तो घरात नाही, गॅरेजवर आहे. आई सांगते, “काल दहाला झोपला, मॅडम. मी दाराला आतून कुलूप लावते.” किल्ली तिच्या मंगळसूत्राला अडकवलेली आहे. ती किल्ली उचलून दाखवते. तिच्या काळ्या मण्यांच्या शेजारी पितळेची ती छोटी किल्ली मला अजून डोळ्यांपुढे दिसते.

गॅरेजवर पोरगा भेटतो. कोपरापर्यंत ग्रीस. तो नव्हता, हे त्याच्या उत्तरापेक्षा मालकाच्या चेहऱ्यावरून कळतं. पण त्याला दुसरंच काही विचारायचं आहे. घरपोच सामान देणाऱ्या कंपनीत नोकरी मिळतेय, अठरा पूर्ण झाले की घेतील, पण चारित्र्य पडताळणी मागतात. “माझं नाव येईल ना त्यात?”

नाही येणार. येता कामा नये. बाल न्याय कायद्याच्या कलम २४ नुसार लहानपणच्या अशा प्रकरणामुळे मुलाला पुढे कुठलीही अपात्रता चिकटत नाही. अपवाद फक्त सोळा वर्षांवरच्या, अतिशय गंभीर गुन्ह्यात प्रौढ म्हणून खटला चाललेल्यांचा. कलम ७४ नं त्याची ओळख उघड करायला बंदी केली आहे. मी त्याला ठाण्यात कुणाला भेटायचं ते सांगते आणि पडताळणी करणाऱ्या अंमलदाराला तिथूनच फोन लावते. ही दहा मिनिटं कुठल्याही आकडेवारीत जात नाहीत. पण हा पोरगा नोकरीला लागला तर पुढच्या पावसाळ्यात त्याच्या हातात कोयता नसेल, याची मला बरीच खात्री आहे.

धिंडीबद्दलही इथेच लिहिते. पकडलेल्या पोरांना त्याच गल्लीतून फिरवायचं, लोकांनी व्हिडिओ काढायचे, टाळ्या वाजवायच्या. लोकांचा राग मला समजतो. रिक्षावाल्याचा तर जास्तच. पण ज्याला गल्लीत नाव करायचं होतं त्याचं नाव त्या व्हिडिओनं होतं, आणि सुटून आल्यावर तोच व्हिडिओ गाणं लावून फिरतो. कायदाही अशा प्रदर्शनाला जागा देत नाही. वेळेवर दोषारोपपत्र, टिकणारे साक्षीदार आणि जामिनाला लेखी विरोध यांना टाळ्या मिळत नाहीत, पण टोळी मोडते ती यांनीच.

दुपारी एक

सहायक आयुक्तांच्या कार्यालयात चॅप्टर केस. पूर्वीचं फौजदारी संहितेचं ११० कलम, आता नागरिक सुरक्षा संहितेचं १२९. सराईताकडून चांगल्या वर्तणुकीचं बंधपत्र घ्यायचं, तीन वर्षांपर्यंतचं. आयुक्तालयात हे अधिकार सहायक आयुक्तांना असतात, ते विशेष कार्यकारी दंडाधिकारी म्हणून बसतात. लोकांना ही नुसती कागदपत्रं वाटतात. पण बंधपत्राच्या मुदतीत त्यानं पुन्हा गुन्हा केला, आणि आपण ते वेळेत मांडलं, तर उरलेली मुदत त्याला तुरुंगात काढावी लागू शकते. अडतं ते ‘वेळेत मांडलं’ इथेच. बंधपत्राची तारीख कुणाच्या लक्षात राहायची? मी माझ्या वहीत मागच्या पानावर लिहून ठेवते.

डबा तिथेच जिन्यात खाल्ला.

दुपारी तीन

तपास पथकातली पोरं मोबाइल हिसकावल्याचं सीसीटीव्ही चित्रीकरण बघत बसली आहेत. त्यांच्या शेजारी बसले.

पुण्यात १३ फेब्रुवारी २०१० ला जर्मन बेकरीत स्फोट झाला, १ ऑगस्ट २०१२ ला जंगली महाराज रस्त्यावर साखळी स्फोट झाले. त्यानंतर शहरभर सरकारी कॅमेऱ्यांचं जाळं उभं राहिलं. लोकांना वाटतं, कॅमेरा आहे म्हणजे चोर सापडलाच. प्रत्यक्षात ते असं चालतं. सरकारी कॅमेरा चौकात आहे, गुन्हा गल्लीत झालाय. मग गल्लीतलं औषधाचं दुकान, पतसंस्था, सोसायटीचं फाटक अशा खासगी कॅमेऱ्यांकडे जायचं. प्रत्येकाचं घड्याळ वेगळं. औषधाच्या दुकानाचं घड्याळ सात मिनिटं पुढे, सोसायटीचं अकरा मिनिटं मागे. आधी आपल्या मोबाइलवरची वेळ आणि पडद्यावरची वेळ शेजारी शेजारी धरून फरक टिपायचा, पंचनाम्यात लिहायचा. हा फरक लिहायचा राहिला तर बचावाचा वकील नेमकं तिथेच बोट ठेवतो. शिवाय कॅमेऱ्याच्या मालकाकडून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र घ्यायचं. त्याशिवाय ते चित्रीकरण न्यायालयात टिकवणं अवघड.

दुचाकीच्या नंबरप्लेटवर चिखल फासला आहे. मागे बसलेल्यानं पुढच्या वळणावर शर्ट बदलला आहे. आधी काळा, मग पिवळा. तपासातल्या जुन्या हवालदारांनी मला पहिल्यांदा हेच शिकवलं होतं: शर्ट बघू नको, पाय बघ. चोर शर्ट बदलतो, टोपी बदलतो, पण चप्पल बदलत नाही. पडद्यावर चित्र थांबवून मोठं केलं. डाव्या पायातल्या सँडलचा मागचा पट्टा तुटून लोंबतोय. हा पट्टा स्वारगेटच्या दिशेनं तीन कॅमेऱ्यांत दिसतो, चौथ्यात नाही. म्हणजे तिसऱ्या आणि चौथ्या कॅमेऱ्याच्या मधे कुठेतरी वळला. पथक तिथे गेलं.

मोबाइल हरवला किंवा चोरीला गेला तर केंद्राच्या सीईआयआर प्रणालीवर त्याचा आयएमईआय क्रमांक टाकून तो बंद करता येतो. ही सोय मे २०२३ पासून देशभर सुरू आहे. त्यात दुसरं सिमकार्ड घातलं की माहिती येते. फिर्यादी मुलीला आयएमईआय माहीत नव्हता. खोक्यावर होता, खोकं रद्दीत गेलं. बिलावर सापडला. वाचकांनी आजच मोबाइलवर *#०६# दाबून तो क्रमांक कागदावर लिहून ठेवावा.

संध्याकाळी पाच

निवृत्त शिक्षक आजोबा सुनेबरोबर चौकीत आले. अंगात स्वेटर, तरी हात थरथरतायत. दुपारी व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर पोलिसाचा गणवेश. “तुमच्या नावानं पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडलेत, तुम्हाला डिजिटल अटक केली आहे, कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही.” तीन तास ते स्वतःच्या खोलीत खुर्चीवर बसून होते. पाणी प्यायलासुद्धा परवानगी मागितली. आणि दोन वेळा पैसे पाठवले.

“कधी पाठवले, आजोबा?”

“दुसऱ्यांदा... आत्ता चार वाजता.”

एक तास. मी कागद बाजूला ठेवला आणि आधी १९३० ला फोन लावला. या क्रमांकावर बँका आणि पोलीस एकाच प्रणालीत जोडलेले आहेत. व्यवहाराचा क्रमांक, वेळ, रक्कम आणि बँक सांगितली की पैसे ज्या खात्यात गेले ते, आणि तिथून पुढे जिथे गेले ते खातं गोठवायचा संदेश जातो. चोर पैसे एका खात्यातून दहा खात्यांत फिरवतो. त्याच्या आधी संदेश पोहोचला तर पैसे अडकतात. म्हणून पहिले काही तास सोन्याचे. ‘सकाळी मुलगा आला की जाऊ’ म्हणून थांबलेल्यांचे पैसे बहुतेक वेळा गेलेले असतात.

आजोबांची दुसरी रक्कम पुढच्या बँकेत अडकली, पहिलीचं अजून कळलेलं नाही. त्यांना पैशांपेक्षा जास्त लागलं होतं ते दुसरंच. “मी आयुष्यभर मुलांना शिकवलं हो, मला कसं कळलं नाही?” सून काही बोलेना. मी त्यांना सांगितलं ते इथेही सांगते. भारतातल्या कुठल्याही कायद्यात व्हिडिओ कॉलवर अटक करायची तरतूद नाही. पोलीस असं कधीही करत नाहीत. फोन ठेवून द्या, घरातल्या माणसाला हाक मारा.

संध्याकाळी सात

पायी गस्त. गाडीतून नाही, पायीच. गाडीतून फक्त रस्ता दिसतो.

आज बघून ठेवलं ते: टेकडीकडे जाणाऱ्या पायऱ्यांवरचे दोन दिवे बंद, महापालिकेला पुन्हा पत्र. अवजारांच्या दुकानातली नोंदवही तपासली, आठवड्यात दोन कोयते विकले गेले, दोन्ही नारळवाल्यांना, आधारची नोंद आहे. शाळेमागच्या भिंतीशी टवाळकी करणारी तीन पोरं, नावं घेतली, घरी फोन केले. मंडळाच्या कार्यकर्त्यांना निरोप: रात्री बारा वाजता रस्त्यावर केक कापायचा नाही, आणि तलवारीनं, कोयत्यानं तर नाहीच. एक कार्यकर्ता म्हणाला, “मॅडम, साहेबांचा वाढदिवस आहे.” मी म्हटलं, “साहेबांना घरी कापू द्या.”

रात्री साडेदहा

तडीपारांची तपासणी. एकाला पुणे शहर, पिंपरी-चिंचवड आणि पुणे जिल्ह्याच्या हद्दीतून बाहेर काढलं आहे. कायद्यानं ही मुदत दोन वर्षांपेक्षा जास्त असू शकत नाही. तो घरी येतो असा निरोप होता, म्हणून दार वाजवलं. तो नव्हता. त्याच्या बायकोनं दार पूर्ण उघडून आत बोलावलं, दिवा लावला, मोरीसुद्धा दाखवली. तडीपारीनं आपल्या शहराला श्वास घ्यायला वेळ मिळतो, हे खरं. पण माणूस संपत नाही, तो दुसऱ्या जिल्ह्याच्या गावी जातो, आणि तिथल्या ठाण्याला त्याची माहिती आपण दिली नाही तर त्या गावाची पंचाईत. मी ती माहिती पाठवते आणि पोच मागवते.

अकरा वाजून दहा मिनिटांनी ११२ चा कॉल. वस्तीच्या खालच्या अंगाला पुन्हा टोळकं जमलंय. गस्तीच्या गाडीतल्या यंत्रावर पत्ता येतो, गाडी निघते, मी मागून दुचाकीवर. पोचेपर्यंत पळापळ झालेली. दोघं हाताला लागले. एक सोळाचा, एक एकोणीसचा. मोठ्याच्या पाठीत शर्टाखाली कोयता. धाकट्याला कोठडीत ठेवायचं नाही, बेडी घालायची नाही, आईवडिलांना लगेच कळवायचं. आई आली ती धुणंभांड्याच्या कामाच्या साडीतच. तिनं आधी त्याला एक चापट मारली आणि मग त्याचं डोकं पोटाशी धरून रडत बसली. फोन कुणी केला होता? सकाळचा रिक्षावाला. त्यानं नाव सांगून केला होता.

रात्री साडेबारा

ठाणे दैनंदिनीत नोंदी संपवल्या. फलकावर उद्याच्या नेमणुका लागल्या आहेत. माझं आणि माझ्या दोन्ही अंमलदारांचं नाव बंदोबस्तात आहे, पुढचे चार दिवस. सभा, मग मोर्चा, मग कुणाचा तरी दौरा. पालखी, गणेशोत्सव, एक जानेवारीचा पेरणे फाटा, हे बंदोबस्त पुण्यात लागणारच, आणि त्यात उभं राहण्याचा मला अभिमान आहे. पण बाकी वेळेलाही बीट मोकळं करून माणसं उचलली जातात. मावशीशी जोडलेला धागा, गॅरेजवरच्या पोराची पडताळणी, बंधपत्राची तारीख हे सगळं तेवढे दिवस लोंबकळत राहतं, आणि टोळक्यांना हे आमच्याआधी कळतं.

सर्वोच्च न्यायालयानं २२ सप्टेंबर २००६ ला प्रकाश सिंह प्रकरणात तपास आणि कायदा-सुव्यवस्थेची कामं वेगळी करा असं सांगितलं होतं. मुंबईत दत्ता पडसलगीकर आयुक्त असताना २०१६ मध्ये, एका शिपायाच्या सूचनेवरून, देवनार ठाण्यात आठ तासांची पाळी सुरू झाली आणि पुढे शहरभर गेली. मनात आणलं तर होतं, याचा हा दाखला आहे. नवी ठाणी, नवे कॅमेरे, नव्या गाड्या द्याच. त्याबरोबर गृहखात्यानं एक आदेश काढावा: प्रत्येक बीटवरचा निदान एक माणूस तीन वर्षं हलवायचा नाही, आणि बंदोबस्तातही त्याचं नाव घालायचं नाही. आणि वाचकांनी आपल्या बीटवर कोण आहे ते चौकीत जाऊन विचारावं, त्याचा नंबर घ्यावा, आणि तो माणूस सारखा बदलत असेल तर आपल्या नगरसेवकाला, आमदाराला लेखी विचारावं की का.